सीझन संपला की

ये गं मुक्ता, अशी जवळ ये. फोन त्या कपाला टेकवून ठेवतेस, मग मला तुझं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसतं. बोलतेस माझ्याशी आणि बोटं चालतात कीबोर्डवर. मला काय ती टकटक ऐकू येत नाही होय? परवा म्हणालीस, "मावशी, ऑफिसातला हा रिलीज झाला की येते ना, प्रॉमिस." तुझ्या गावाहून, कॅरीहून, सकाळी विमानात बसलीस तर दुपारच्या जेवणाला माझ्याकडे पानावर असशील. मागच्या रिलीजनंतरही येणारच होतीस. मी रागावले नाही हं. पण फोन ठेवला आणि एडराव आठवले, ते दिवसभर डोक्यातून गेले नाहीत. म्हटलं, फोनवर ही पोरगी काही पुरतं ऐकायची नाही, लिहूनच पाठवावं. निवांत वाच. कामावरून येताना सिग्नलला नको.

एडराव म्हणजे आमचे डावीकडचे शेजारी. नाव एड, 'राव' तुझ्या काकांनी लावलं. आम्ही डेट्रॉईटजवळ ट्रॉयला हे घर घेतलं तेव्हा ते साठीच्या आसपास असतील. हायस्कूलमध्ये मुलांना सुतारकाम शिकवायचे. उंच नव्हते, पण रुंद. मान जवळजवळ नव्हतीच. काका म्हणायचे, देवाने घाईघाईत डोकं सरळ खांद्यांवरच ठेवून दिलंय. बायको मार्था, काटकुळी आणि तोंडाने तिखट. मला ते माझ्या नावाने कधी हाक मारत नसत. "हे नेबर!" अशी आरोळी यायची. ते बोलायचे अर्थातच इंग्रजीत, मी इथे माझ्या भाषेत लिहिते आहे. माझं इंग्रजी तरी कुठून आलं? शाळा मॅट्रिकपर्यंत. पुढचं टीव्हीने, लायब्ररीने आणि एडरावांनी शिकवलं.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. पेपरवाला आमचा पेपर त्यांच्या ड्राइव्हवेवर टाकून जायचा. मी चहा घेऊन खिडकीशी उभी, तर हे गृहस्थ अंगणात आले, पेपर उचलला, आमच्या घराकडे पाठ केली आणि वाकले की! पाय फाकवून, ढुंगण आमच्या दाराकडे. मी चहा टेबलावर आपटला आणि काकांना हाका मारायला लागले, "अहो, बघा हो, कसला अपमान करतोय हा माणूस!" काका येईपर्यंत धप्प आवाज झाला. दार उघडलं तर पेपर बरोबर पायपुसण्यावर. पायांमधून मागे फेकला होता. मग सरळ होऊन, लाल तोंडाने हात हलवून म्हणाले, "गुड मॉर्निंग, नेबर!" काका त्या दिवशी ऑफिसला हसतच गेले. पुढे वर्षानुवर्षं आमचा पेपर तसाच आला. एकदाही पायरी चुकली नाही.

ते काय होतं हे मला कळलं त्या शनिवारी. मी बेसनाचे लाडू घेऊन ओळख करायला गेले, तर टीव्हीवर फुटबॉल लागलेला. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे गं, इथला, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. मला काही समजेना. एडरावांनी माझ्याच ताटलीतले लाडू टेबलावर मांडले. "ही आमच्या कॉलेजच्या टीमची रांग. हा मधला लाडू मी. मधल्याने वाकायचं, बॉल धरायचा आणि पायांमधून मागे उभ्या असलेल्याला द्यायचा. मग तो पळतो, लोक त्याच्यासाठी ओरडतात. मधल्याच्या अंगावर तोवर तिघे पडलेले असतात."

"म्हणजे तुम्हाला काही दिसतच नाही?"

"दिसतं ना. पायांमधून दिसतं. आमचा पळणारा होता क्लॅरन्स. त्याला मी जितका उलटा पाहिलाय तितका सुलटा पाहिलेला नाही." असं म्हणून त्यांनी मधला लाडू तोंडात टाकला. मार्था म्हणाली, "बघ, स्वतःलाच खाल्लं."

क्लॅरन्सचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते असं.

एडरावांचं एक पालुपद होतं, "सीझन संपला की." कुंपणाची फळी मोडली, सीझन संपला की बसवतो. दात दुखतोय, सीझन संपला की दाखवतो. हा फुटबॉलचा सीझन म्हणजे ऑगस्टच्या शेवटापासून नवीन वर्ष उजाडेपर्यंत. नंतर बर्फ पडायचा. बर्फ वितळला की कुंपण विसरलेलं असायचं, की परत ऑगस्ट. मार्था मला म्हणायची, "आमचं लग्नही सीझन संपल्यावर झालं. जानेवारीत, कंबरभर बर्फात. माझी आत्या घसरून पडली, तिचा खुबा मोडला. तो मोडका खुबा आमच्या लग्नाच्या फोटोत आहे."

त्यांच्या स्वतःच्या सीझनच्या गोष्टी मात्र ते खुलून सांगायचे. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. सुटून आलेल्या सैनिकांना सरकारने कॉलेजात घातलं, त्यांतलेच हे. छोटं कॉलेज, टीम सगळी सैनिकांची. निम्म्यांची लग्नं झालेली, बायका कडेवर पोरं घेऊन बाकांवर बसायच्या. कोच आपला कॉलेजातच राहिलेला, लढाई न पाहिलेला. पहिल्याच दिवशी तो गरजला, "मुलांनो, हे युद्ध आहे!" एडराव सांगायचे, "सगळं मैदान गप्प. मग कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि आम्ही इतके हसलो की गवतावर बसलो. कोचही शेवटी बसला. बिचारा परत तो शब्द बोलला नाही." ती टीम मग एक मॅच सोडली तर सगळ्या जिंकली. कशी जिंकली ते एडराव सांगायचे, पण सीझनच्या शेवटी काय झालं ते सांगायचे नाहीत. तिथे आले की उठून कॉफी करायला जायचे.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या कॉलेजने या टीमचा सत्कार केला. मैदानाशी सगळ्यांची नावं कोरलेला दगड बसवला. एडराव टाय लावून गेले. एक वार्ताहर घरी येऊन फोटो काढून गेला. मार्था सगळ्यांना छापून आलेलं दाखवत होती, तेव्हा मला गोष्ट कळली. सीझन संपताना टीमला दक्षिणेतून आमंत्रण आलं होतं, नव्या वर्षाच्या मोठ्या मॅचचं. अट एकच, तुमच्या त्या काळ्या खेळाडूला आणायचं नाही. टीममध्ये काळा एकच, क्लॅरन्स. टीमने हात वर करून मत दिलं. एकही हात जायच्या बाजूने नाही. क्लॅरन्स नाही तर आम्हीही नाही! अंगावर काटा आला माझ्या. मी धावत जाऊन म्हटलं, "एडराव, केवढी मोठी गोष्ट केलीत तुम्ही!"

ते गॅरेजमध्ये खुर्चीचा पाय घासत होते. "हं," म्हणाले. "क्लॅरन्स आला नाही."

"कुठे?"

"सत्काराला. दगडावर नाव आहे त्याचं. आला नाही. कधीच येत नाही." आणि परत घासायला लागले.

तेव्हा मला वाटलं, म्हातारे झालेत, मित्र आला नाही म्हणून रुसलेत. खरं काय ते कळलं तुझी आजी गेली तेव्हा.

तुला तेव्हाचं माहीत नसेल, लहान होतीस. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्याच आठवड्यात सांगलीला आईने अंथरूण धरलं. तुझ्या मामाने, तुझ्या आईने, आणि हो, तुझ्या काकांनीही मिळून ठरवलं की मला सांगायचं नाही. टाके ओले आहेत, प्रवास झेपणार नाही, जिवाला घोर कशाला. मी फोन केला की "आई झोपलीय", "आई देवळात गेलीय". तेरावं झाल्यावर सांगितलं. आपल्याकडे असंच करतात गं, परदेशातल्या माणसाला शेवटी सांगतात, आणि मायेपोटीच करतात. मी त्या दिवशी घरात थांबूच शकले नाही. अंगणात येऊन रडत बसले. एडराव कुंपणापाशी आले. काही न विचारता उभे राहिले.

मीच बोलले. "मी गेले नसते कदाचित. डॉक्टरांनी जाऊ दिलंच नसतं. पण मला विचारायला हवं होतं ना? माझी आई होती. सगळ्यांनी मिळून ठरवलं, मी सोडून."

"पण त्यांनी प्रेमानेच केलं ना, नेबर?" त्यांचा आवाज मला जरा वेगळा वाटला.

"प्रेमानेच केलं. म्हणून तर भांडताही येत नाही. वाईट वागले असते तर निदान चार शब्द ऐकवले असते."

 एडराव त्या मोडक्या फळीवर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, "त्या दिवशी क्लॅरन्स खोलीत नव्हता."

मला आधी समजलंच नाही.

"मत देताना. कोचने त्याला घोट्याला पट्टी बांधायला शेजारच्या खोलीत पाठवलं होतं. मुद्दाम. त्याच्यासमोर बोललो तर त्याला वाईट वाटेल म्हणून. आम्हाला सगळ्यांना ते पटलं. तो लंगडत बाहेर आला तेव्हा आम्ही सांगितलं, आपण जात नाही. आम्हाला वाटलं, मिठी मारेल. तो फक्त 'बरं' म्हणाला. ख्रिसमसनंतर कॉलेजात परत आलाच नाही. डेट्रॉईटला कारखान्यात लागला. इतकी वर्षं मी म्हणतोय, आपण त्याच्यासाठी एवढं केलं आणि हा का रुसला?" मग म्हणाले, "त्याला कोणी विचारलं नाही, नेबर. पातळ भिंतीपलीकडे बसला होता."

त्या दिवसापासून एडरावांच्या मनाने घेतलं, क्लॅरन्सकडे जायचं आणि विचारायचं, तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास? पत्ता त्यांना कधीपासूनच माहीत होता. डेट्रॉईट म्हणजे इथून गाडीने अर्धा तास. मी म्हटलं, "मग जा की उद्याच." तर म्हणाले, "जातो. सीझन संपला की."

हस तू. मीही हसले होते. पण मग ते हसणं मला जड झालं. कितीतरी सीझन संपले गं. त्यांचे गुडघे गेले. मार्था गेली, थंडीत, दोन दिवसांच्या तापाने. तिच्या प्रेताजवळ बसून म्हणाले, "हिला ग्रँड कॅनियन बघायचा होता." काय म्हणून गेले नाहीत ते आम्ही विचारलं नाही. डोळे अधू झाले तशी मुलाने गाडीची किल्ली काढून घेतली. मॅच मात्र बघायचे, टीव्हीला नाक लावून.

आणि एका ऑक्टोबरात, शनिवारी, ऐन मॅचच्या वेळेला दाराची बेल वाजली. एडराव. हातात टोपी, दाढी नीट केलेली. मी घाबरलेच. "काय झालं? टीव्ही बिघडला का?"

"टीव्ही ठीक आहे. मी बंद करून आलो," म्हणाले. "मला डेट्रॉईटला सोडशील?"

हायवेची मला तेव्हा भीती वाटायची, तरी गाडी काढली. क्लॅरन्सचं विटांचं छोटं घर होतं, पुढे व्हरांडा. त्याची मुलगी रूबी, तुझ्या आईच्या वयाची, तिने दार उघडलं. आत आरामखुर्चीत एक लांबसडक, वाळलेला म्हातारा. पुढ्यात वॉकर. टीव्हीवर तीच मॅच.

"कोण आहे?"

"एड."

"कुठला एड?"

"मी बॉल मागे द्यायचो. तुला."

त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं. चेहरा काही हलेना. मला वाटलं, संपलं, याला आठवत नाही. मग म्हणतो कसा, "तुझं तोंड मी काय ओळखणार? मी तुझी मागचीच बाजू पाहिलीय. वळ बघू."

आणि एडराव वळले गं! ऐंशीच्या पुढचा माणूस, टोपी हातात, भिंतीकडे तोंड करून उभा.

"हां," क्लॅरन्स म्हणाला. "हा एडच. रुंद झालाय. बस रे." रूबी हसून हसून दारात वाकली.

मग आधी मॅच झाली. दोघं मिळून आताच्या पोरांना नावं ठेवत होते. मी आणि रूबी स्वयंपाकघरात. पण घर लहान, सगळं ऐकू येत होतं. शेवटी टीव्हीचा आवाज बंद झाला आणि एडरावांनी विचारलं. जसं ठरवलं होतं तसं, शब्द न् शब्द. इतकी वर्षं पाठ करून ठेवलं असणार.

क्लॅरन्सने पुढ्यातला वॉकर बाजूला सरकवला. मग म्हणाला, "माझी बॅग भरलेली होती, एड. आमंत्रण आल्याचं मला आधीच कळलं होतं, आणि अटही. आईने माझे बूट घासूनपुसून ठेवले होते. मला तिथपर्यंत जायचं होतं. तुमच्याबरोबर गाडीतून उतरून त्या मैदानाच्या दारात उभं राहायचं होतं. म्हणू देत मला नाही. पण माझ्या तोंडावर, माझ्या डोळ्यांत बघून म्हणू देत."

"त्यांनी हाकलून दिलं असतं तुला."

"दिलंही असतं. किंवा दारातल्या त्या माणसाला लाज वाटली असती. किंवा मीच घाबरून मागे फिरलो असतो. कोणास ठाऊक. ते कळायचंच राहिलं ना." मग म्हणाला, "तुम्ही चांगली पोरं होतात. तुमच्यावर रागवायची सोयच ठेवली नाहीत. मग मी निघून गेलो."

माझ्या हातातला कप मी तसाच धरून बसले होते. रूबीने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला माझ्या आईचं काय ठाऊक!

"आम्ही थांबायला हवं होतं," एडराव म्हणाले. "तू बाहेर येईपर्यंत."

"पट्टी बांधायला कितीसा वेळ लागतो, एड?"

 माफ केलं वगैरे क्लॅरन्स म्हणाला नाही. एडरावांनी मागितलीही नाही. निघताना मात्र वॉकर धरून दारापर्यंत आला. "पुढच्या शनिवारी ये. माझा टीव्ही तुझ्यापेक्षा मोठा असणार. आणि येताना सफरचंदाची सायडर आण. माझी पोरगी साखर आहे म्हणून देत नाही."

एडरावांनी तोंड उघडलं. मला ते वाक्य आधीच ऐकू आलं, इतकं ते सवयीचं होतं. पण त्यांनी तोंड मिटलं, आणि मग म्हणाले, "येतो."

तो आठवडा मी त्यांना अंगणात शीळ घालताना ऐकलं. मार्था गेल्यावर पहिल्यांदाच. शुक्रवारी मला गाडी काढायला लावून सायडर मिलवर, म्हणजे सफरचंदाचा रस काढतात तिथे, घेऊन गेले, मोठी बाटली घेतली, गरम डोनट घेतले, त्यातले निम्मे गाडीतच संपवले. आणि जुनी हातोडी काढून ती कुंपणाची फळी बसवली. ऐन सीझनमध्ये.

शनिवारी सकाळी मी केस विंचरत होते, तर फोन. रूबी. क्लॅरन्स पहाटे झोपेतच गेला.

खिडकीतून बघते तर एडराव माझ्या ड्राइव्हवेवर येऊन उभे. कोट, टोपी, हातात बाटली. वेळेच्या आधीच आलेले. मान नसलेला तो माणूस माझ्या दाराकडे डोळे बारीक करून बघत होता. माझ्या मनात एक क्षण आलं गं, खोटं का सांगू. म्हणावं, क्लॅरन्सला बरं नाही, पुढच्या आठवड्यात जाऊ. निदान आजचा दिवस. आणि मग मलाच माझी भीती वाटली. चप्पल घातली, बाहेर गेले आणि सरळ सांगितलं.

त्यांनी बाटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. म्हणाले, "गाडी काढ, नेबर. मी येतो म्हणालो होतो."

आम्ही गेलो. घरात माणसं जमलेली. रूबीने त्यांना वडिलांच्या खुर्चीशेजारी बसवलं. कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद ठेवून मॅच लावली. एडरावांनी ती शेवटपर्यंत पाहिली. सायडर रूबीने पेल्यांत ओतून सगळ्यांना दिली.

परत आलो तेव्हा ऊन उतरलेलं. आमचा सकाळचा पेपर अजून त्यांच्याच ड्राइव्हवेवर पडलेला. मी दारापाशी किल्ली शोधत होते. मागे वळून पाहिलं तर एडरावांनी पेपर उचलला होता, आमच्या घराकडे पाठ केली होती आणि हळूहळू, गुडघ्यांवर हात टेकत, वाकले होते. मी बाजूला झाले, पेपर लागू नये म्हणून. पण पेपर येईना. ते तसेच वाकून राहिले, पायांमधून मागे बघत. मला नाही, ते दुसऱ्याच कोणाला तरी बघत होते. मग सरळ झाले. चालत चालत आले, पेपर माझ्या हातात दिला, टोपीला हात लावला आणि घरी गेले. नेबर म्हणाले नाहीत. नंतरच्या आठवड्यात मुलगा त्यांना ॲरिझोनाला घेऊन गेला, मी नेमकी तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे होते. तिकडेच गेले ते, त्याच हिवाळ्यात. म्हणून माझ्यापाशी शेवटचे एडराव आहेत ते असे, हातात पेपर देणारे.

कुंपणाची ती फळी अजून घट्ट आहे. आल्यावर दाखवीन.

तर मुक्ता, तुझा रिलीज होऊ दे नाहीतर अडकू दे. या शनिवारी ये. विमानतळावर मी येते घ्यायला, हायवेची मला आता भीती वाटत नाही. सायडर आणून ठेवली आहे आणि लाडूही वळलेत. आधीच्यासारखे मोठे नाहीत, हात दुखतो. पण ताटली भरली आहे.